धुतलेलं

तांबट आळीच्या तोंडाशी, दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल : काच, तिच्यावर काळी मखमल,
दहापटीचं भिंग, पांढरे सुती हातमोजे
आणि एक दिवा, जो मी डावीकडूनच तिरपा लावतो.
खाली दिवसभर हातोड्या.
तिथं हंड्यावर ठोके जितके जवळजवळ
तितकी मठार दाट, तितका भाव चढा.
वर माझ्याकडे केसाएवढा एक चरा
आणि अडुसष्टाचे त्रेसष्ट.

प्रूफ नाणं सोवळ्यातलं.
ठसा दोनदा पडतो, भुई आरशासारखी,
वर आकृती दुधावरच्या सायीसारखी धूसर.
कडेनंच धरायचं. त्यावर श्वास टाकायचा नाही,
बोलायचंच असेल तर मान वळवून.
जन्माला येऊन कुणाच्या हाती न लागलेलं,
भाजी न आणलेलं, सुटं न झालेलं,
त्याला सत्तर.
सत्तर मी सतरा वर्षांत दोनदा दिले.
त्यातल्या एकदा नंतर झोप लागली नाही.

दुर्मिळतेचं खातं निराळं.
किती पाडली ते टांकसाळीच्या वहीत असतं,
किती उरली ते सराफाच्या मुशीला विचारा.

कालिंदी कर्डे आल्या बुधवारी,
जिना चढून धापा टाकत,
रुमालाची गाठ दातानं सोडत.
"ह्यांनी मागवलं होतं, मनिऑर्डर करून.
पहिल्या मोठ्या बंबाचे पैसे आले तेव्हा."
पन्नासाचं, चांदीचं. ओंबी, सिंह, सगळं जागच्या जागी.
त्या वर्षाची माझ्या नोंदीत फक्त अकरा.
मोज्यातला हात जरा थरथरला, कबूल करतो.

दिवा तिरपा केला.
भुईभर चरे. गोल गोल, एकाच दिशेचे,
अंगठ्यानं घासल्यावर पडतात तसे.
ओंबीच्या दाण्यांत पिवळट काहीतरी,
सिंहाच्या आयाळीत लाल.
"चिंच?" मी विचारलं.
"चिंच तांब्याला हो. चांदीला रांगोळी.
मग दूध, मग पाणी, मग कुंकू.
बेचाळीस लक्ष्मीपूजनं, एकही चुकलं नाही.
हे गेले त्या वर्षी सुतक होतं, तेवढं सोडून."

कागदावर लिहिलं : अस्सल. दुर्मिळ. धुतलेलं.
क्रमांकाच्या चौकटीत आडवी रेघ.
"म्हणजे नापास?"
"नापास नाही. ह्याला गुणच देता येत नाहीत."
त्या बराच वेळ रेघेकडे बघत राहिल्या.
मी सांगू लागलो, न धुतलं असतं तर किती आले असते.
आकडा अर्ध्यातच गिळला.

मग मोजा नाही, काही नाही,
मखमल बाजूला सारून, नाणं चिमटीत धरून
त्यांनी काचेवर सोडलं.
मी खुर्चीतून उठलोच.
प्रूफ नाणं कुणी वाजवतं का!
खालच्या हातोड्या चालूच होत्या,
तरी दोन ठोक्यांच्या मधल्या फटीतून
तो नाद निघाला, लांबला,
जिन्यापर्यंत जाऊन आला.
"हे असंच करायचे," त्या म्हणाल्या, "कान देऊन.
हंडा असो की रुपया."
नाणं गाठीत बांधलं. कागद तिथंच ठेवला.
फी मात्र पुरी दिली, मी नको म्हणत असताना.

काचेवर नखाएवढा चरा राहिलाय.
बदलू या, म्हणतो दर दिवाळीला.
गिऱ्हाईक विचारतं, हे काय,
तर मी दिवा डावीकडून तिरपा करतो
आणि दाखवतो.