शून्य कुठनं धरलंय

शमा, तू सोमवारी येशील तेव्हा मी नसेन.
टेबलाचा दुसरा खण अडकतो, खालून ढोसायचा.
दवाखान्याचं मॉडेल उघडायला अकरा मिनिटं लागतात.
तेवढ्यात खाली गुंडू सुतारांच्या फर्म्यांच्या दुकानात जा,
चहा घे. माऊस आपटू नकोस.

भिंत दिसत नाही म्हणून लगेच नवी काढू नकोस.
आधी बघ, तू कुठल्या उंचीवरनं बघतेयस.
मग बघ, तिचा वर्कसेट कुणी बंद करून ठेवलाय का.
मग टप्पा बघ, पाडायच्या यादीत गेली असेल बिचारी.
मी एकदा घाईत काढली होती.
एकाच जागी दोन भिंती, दोन्ही खऱ्या,
आणि विटांचा हिशेब दुप्पट.
भूपाल मगदुमांचा साइटवरनं फोन आला,
"मॅडम, भट्टीच इकत घ्यायची हाय का?"

इशारे येतील. दोनशे, अडीचशे.
ती खिडकी न वाचता मिटायची बोटांना सवय लागते.
रोज पाच वाच. पाचच.

मूळ फाइलवर थेट काम करायचं नाही, आपली प्रत घे.
जेवायला उठण्याआधी सिंक कर
आणि करताना ओरडून सांग, "मी सिंक मारायलोय!"
इथं बायकाही असंच ओरडतात, लाजू नकोस.

आता जे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं ते.

शिरोली फाट्याजवळच्या जागेची सर्व्हेची फाइल जोडली
आणि पडदा कोरा.
दोन दिवस मी फाइलवर उपचार केले.
कचरा काढला, ऑडिट केलं, जुनी प्रत उघडली.
फाइल धडधाकट होती.
जागा आमच्या दवाखान्याच्या साडेपाचशे मीटर वर
तरंगत होती, समुद्रापासून मोजलेली.
आर्किटेक्टचं शून्य जोत्यावर,
सर्व्हेअरचं शून्य समुद्रात,
मगदुमांचं शून्य रस्त्याकडेच्या दगडावरच्या लाल खुणेवर,
आणि त्या खुणेनंतर रस्ता दोनदा वर आलेला.

काका रिकामे ग्लास न्यायला वर आले होते.
पडद्याकडे बघून म्हणाले, "ह्ये काय, गायब?"
मी सांगितलं. ते दारातच उभे राहिले.
"आमच्यात फर्मा कदी मापाचा करत न्हाईत.
लोखंड गार झालं की आक्रसतंय.
म्हणून पट्टीच येगळी असती, जराशी लांब.
नवं पोरगं साध्या पट्टीनं करतंय,
समदं बरोबर करूनबी काम चुकतंय.
पट्टी कुठली, ती आदी इचार."
ग्लास तसेच विसरून गेले.

मग मी तिघांना एकाच फोनवर घेतलं
आणि विचारलं, पुराचं पाणी कुठवर आलं होतं?
एकानं बंधाऱ्यावरचे फूट सांगितले,
ते फूट बंधाऱ्यावरचे, आमच्या आवारात चालत नाहीत.
एक गप्प.
मगदूम म्हणाले, "बोअरच्या खोपटाची कडी हाय न्हवं?
कडीला लागून हुतं. मी सोता बगितलंय."

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअरनं ती गंजलेली कडी मोजली.
आमच्या जोत्यापेक्षा चौदा सेंटिमीटर वर.

त्या आठवड्यात माझा क्लॅश रिपोर्ट शून्य होता.
एकही पाइप तुळईत शिरत नव्हता, डक्टला वाट होती,
सगळ्यांनी शाबासकी दिली होती.
जनरेटर तळमजल्यावर होता.
पाणी मॉडेलमध्ये नव्हतं
म्हणून ते कशालाच धडकलं नाही.

आता एक पातळी घातलीय. निळी आहे, छपाईत येत नाही.
नाव 'कडी'.
कुणीतरी विचारेल ही फालतू रेघ कसली, पुसू का,
तर पिन काढू देऊ नकोस.
जनरेटर पहिल्या मजल्यावर गेलाय,
त्याचा धुराडा अजून खिडकीत घुसतोय, तो तुझ्याकडे.

आणि काकांचे दोन ग्लास द्यायचे राहिलेत.
दुसऱ्या खणात आहेत.