गार चाक

वंटमुरीचा उतार संपता संपता गाडी डावीकडे ओढली,
हातभरच, पण मागे खानापुरी कौलं तीन हजार,
त्यातली काही फुटल्याचा आवाज केबिनपर्यंत आला,
लग्नघरात परातींची उतरंड कोसळावी तसा.

खाली उतरून मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला
तर लांबूनच चटका. जळकट वास.
उजवं बघायचं सुचलंच नाही.

संकेश्वरात, हिरण्यकेशीच्या अलीकडे, दस्तगीर मिस्त्रींचं शेड.
पत्र्यावर 'ब्रेक' दोन लिप्यांत रंगवलंय,
उच्चार सारखाच, रंगही सारखाच उडालेला.
म्हटलं, डावं गेलं. लायनर बदला,
मला बारापर्यंत गडहिंग्लज गाठायचंय.
ते काही बोलले नाहीत. चहा संपवला.
डाव्या ड्रमला थुंकीचं बोट टेकवलं. चर्र.
मग गाडीला वळसा घालून गेले, उजव्या ड्रमवर
अख्खा तळवा ठेवला आणि ठेवूनच उभे राहिले,
म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.

“बिसी आहे ते राबतंय, भरमाण्णा.
तण्णग पडलंय त्याला विचारूया.”

पुढच्या चाकांना दगड, एक्सलखाली बाभळीचा ठोकळा.
ड्रम निघेना.
आतून झिजून कडेला धार आलेली, शू तिथं अडकलेले.
ॲडजस्टर चार दात मागे घेतला, मग हातोडीनं
कडेकडेनं ठोकत राहिले, शेजारी कुणी निजलंय
असं समजून. निघाला.

मी भुकटी फुंकायला वाकलो तर कॉलर धरून मागे ओढलं,
“छातीत घेऊ नको ती,”
आणि ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढलं.
लायनर जाडजूड, अजून दोन वर्षं चालले असते,
पण काळे, चिकट, तेलात मुरलेले.
ब्रेक ऑइल, मी म्हणालो. सिलिंडर गळतोय.
त्यांनी स्क्रूड्रायव्हरनं रबराची टोपी उचलून दाखवली.
आत कोरडं.
लायनरवर बोट फिरवून माझ्या नाकाशी धरलं:
कुजक्या लसणीसारखा, गंधकाचा वास.
डिफरन्शियलचं तेल. हबचं सील गेलेलं.

सील सव्वाशे रुपयांचं. दुसरा कुणी इथंच थांबला असता.
मिस्त्री पोतं टाकून गाडीखाली सरकले,
एक्सलवर चाचपत गेले आणि हसले.
वरचं ते बटणाएवढं नळकांडं, ब्रीदर,
त्यात भट्टीच्या अंगणातली तांबडी माती
भाजल्यासारखी घट्ट बसलेली.
“तेल तापतं, हवा फुगते, तिला वर वाट नाही,
मग ती सीलला ढकलते. सीलचा काय दोष की!”
सायकलच्या आऱ्यानं माती कोरली
तर फुस्स झालं,
फार वेळ दाबून धरलेलं कुणी सोडावं तसं.

सील. लायनर दोन्हीकडचे,
एका बाजूचे कधीच नाही, यावर ते भांडले,
मी पैशांवर भांडलो आणि दोन्हीकडून हरलो.
उघडलंच आहे तर सिलिंडरचे किट.
मग मी वर, ते खाली, एकमेकांना न दिसता:
मार. मार. मार. धर.
नळीतून बुडबुडे. सोड.
मार. मार. मार. धर.
पायाखाली पेडल हळूहळू दगड होत गेलं.

गडहिंग्लजच्या रस्त्याला मैलभर गेलो,
कौलांच्या बेतानं चार-पाच ब्रेक मारले, थांबलो.
बारा कधीच वाजून गेले होते.
उलट्या हातानं डावं पाहिलं. कोमट.
वळसा घालून उजवं.
कोमट, पण जरा कमी.
तेच फोनवर सांगितलं.
“बसेल,” म्हणाले, “नवं आहे.”