काहीच नाही

कार्डिफच्या जुन्या गोदीमागे, लाँड्रीच्या वर माझी खोली.
एक पलंग, एक यंत्र, खिडकीला जाड पडदा.

उबाह आली ती स्कार्फची गाठ न सोडताच बसली.
सोळाव्या वर्षापासून हनुवटीवर केस.
रोज पहाटे चिमटा, दार लावून.
नवऱ्याला वाटतं, वजूला हिला फार वेळ लागतो.

मग गाठ सुटली.
जबड्यावर पाच गोल डाग, ओळीने.
"स्वस्तात होतं," ती म्हणाली.
"तो म्हणाला, थोडं चुरचुरेल."

मी काही बोलले नाही.
नऊ वर्षांपूर्वी स्वान्सीत
माझ्याच हाताखाली डेलोरिसची पोटरी भाजली.
माझी कातडी तिच्याहून काळी,
तरीही.
शिकताना आमच्या रंगाला पुस्तकात अर्धं पान होतं
आणि त्यात एकच सूचना: काळजी घ्यावी.
कशी, ते छापायचं राहिलं होतं.

प्रकाशाला काय बोल लावायचा.
तो काळं शोधत येतो,
केसातलं काय, कातडीतलं काय.
आखूड लांबीचा असला
तर उंबऱ्यावरच चूल पेटवतो.
म्हणून लांब लहर लागते, एक हजार चौसष्ट;
ती वरचा रंग बराचसा ओलांडते,
खाली मुळाशी जाऊन टेकते.
शिवाय ताकद बेताची, कातडीवर गारवा,
आणि हात आवरता आला पाहिजे.

"उन्हात होतीस?"
"कार्डिफमध्ये?" ती हसली.
मग म्हणाली, हर्गेसाला. बहिणीचं लग्न. परवाच आले.
"मग आज नाही. महिन्याने ये."
दोन बस बदलून आली होती.
जिना उतरताना सोमालीत काहीतरी पुटपुटली;
शिवी कुठल्याही भाषेत कळते.

पण आली. बरोबर महिन्याने.
दोघींनी चष्मे चढवले.
पहिला ठोका माझ्याच मनगटावर मारला,
तिच्यासमोर.
मग तिच्या जबड्याखाली, डागांपासून दूर,
तीन ठोके. बस.
"एवढ्यासाठी?"
"एवढ्यासाठीच. आता दोन आठवडे बघायचं."

अकराव्या दिवशी फोनवर फोटो आला.
हललेला, बाथरूमच्या पिवळ्या उजेडातला.
मी तो बोटांनी ताणून ताणून मोठा केला.
कातडी. नुसती कातडी.
खाली लिहिलेलं: काहीच नाही. हे चांगलं ना?

हो, असं लिहिलं.
खोडलं.
लिहिलं: रविवारपर्यंत थांब.