वीस मिनिटांचा कार्बन

तुर्कूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
तळघरातलं यंत्र आमच्यासाठी कार्बन घडवतं,
दर वीस मिनिटांनी अर्धा विरून जाणारा.
म्हणून इथे सगळे भरभर चालतात.
ओइवा रांताला याला तेवढी घाई नाही.

आलांडच्या बोटीवर अठरा वर्षं स्वयंपाकी.
दर गुरुवारी वाटाण्याचं सूप, तीनशे माणसांचं.
प्रश्नावलीत होतं: पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत
आता गोडी वाटते का?
पेन्सिल धरून तो इतका वेळ थांबला
की मला वाटलं, प्रश्न परक्या भाषेत छापलाय की काय.
मग म्हणाला, मीठ कळतं.
चव कळत नाही.
याला चौकट नव्हती. मी समासात लिहून ठेवलं.

डोकं हलवू नका, मी म्हटलं, नव्वद मिनिटं.
"त्यात मी तरबेज आहे.
मार्चपासून हलतोय कुठे?"

सुईतून गेलेला कार्बन
सेरोटोनिनच्या दारांशी जाऊन बसला,
पडद्यावर मेंदू उजळत गेला,
निळा, हिरवा, मध्ये पिवळसर.
रंग आम्ही दिलेले. आत काळोखच असतो.

बाहेर आल्यावर टोपी हातात घेऊन त्यानं विचारलं,
दिसलं?
बहीण म्हणते ढोंग आहे.
हिल्काला दाखवायला एखादा ठिपका तरी द्या.

काय सांगू? एका माणसात ते दिसत नाही.
चाळीस आजारी, चाळीस धडधाकट
एकावर एक रचायचे, सरासरी काढायची,
मग कुठे खोलवर केसाएवढा फरक उरतो,
उरला तर.

धडधाकटांमधली नववी मी.
त्या फेब्रुवारीत मी कशी होते
ते मी प्रश्नावलीत खरं लिहिलं नव्हतं.

सकाळच्या एमआरआयमधलं एक चित्र दिलं त्याला छापून,
कडेचं, राखाडी.
त्यानं ते दिव्याखाली धरलं.
"नाक बापाचं आलंय," म्हणाला,
आणि घडी न घालता कोटाच्या आत सरकवलं.

खिडकीतून दिसला, नदीकडच्या उतारावर.
एव्हाना त्याच्यात बत्तिसावा हिस्सा उरला असेल,
बसथांब्यापर्यंत चौसष्टावा.

मी नववी फाईल काढली.
समासात जागा होती.
पेन्सिलीला टोक नव्हतं,
ते करत बसले.