डोक्यासकट वजन

ऑलेसुंदच्या धक्क्यावर पहाटे सव्वापाचला
बोर्गहिल्ड फोन लावायची,
आणि बाल्टिकच्या काठी, उस्तकामध्ये,
बोगुमिला पेन्सिलीला टोक करून बसलेली असायची.
सतरा वर्षं.
सामनच्या पेट्या किती, बर्फ किती, ट्रक कुठला.
आकडे नॉर्वेजियनमध्ये, शिव्या पोलिशमध्ये,
हवापाणी दोघींच्या मोडक्या जर्मनमध्ये.

मला बोलावलं ते हा फोन बंद करायला.
तसं कुणी म्हणालं नाही अर्थात.
म्हणाले, दोन्ही कंपन्यांची सॉफ्टवेअर्स
परस्पर बोलली पाहिजेत.

मी दोन्हीकडे दारं बसवली.
इकडून विनंती, तिकडून उत्तर,
दारावर किल्ली, किल्लीला मुदत.
कुठल्या रकान्याला काय म्हणायचं
यावर तीन आठवडे वाद:
विक्रीखात्याचा ‘ग्राहक’
हिशेबखात्यात ‘येणेकरी’ होता,
आणि गोदामाला तर तो नुसता एक ‘पत्ता’.

पहिली ऑर्डर गेली. उत्तर आलं: दोनशे.
किलो नव्हेत.
दोनशे म्हणजे पोचलं, समजलं, ठीक.

आणि तरी उस्तकाच्या धुरीघरात
मासा कमी भरला. रोज. तेवढाच.

दोन दिवस मी नोंदी उपसत होतो.
चूक एक नाही. सगळीकडे दोनशे, दोनशे.
शेवटी बोर्गहिल्डनं हातमोजे काढत विचारलं,
“वजन डोक्यासकट पाठवतोस की डोक्याविना?”

इकडं मासा डोक्यासकट जोखतात,
तिकडं डोकं उडवून.
मधली वजाबाकी बोगुमिला करायची,
वहीच्या समासात, पेन्सिलीनं.
माझ्या आराखड्यात दोन सर्व्हर होते, एक बाण होता.
ती पेन्सिल नव्हती.

मी एक रकाना वाढवला. डोकं: आहे / नाही.
मग काही न सुचून आणखी एक:
‘शेरा’, ऐच्छिक, ऐंशी अक्षरं.

आता पाच वाजून पंधरा मिनिटांनी
फोन वाजत नाही.
मंगळवारच्या नोंदीत मात्र
बेचाळीस पेट्यांच्या खाली सापडलं:
“गुडघा?”
बुधवारी उलट दिशेनं, पोचपावतीला चिकटून:
“सुजलाय. बर्फ कमी होता, सांग त्या हारामखोराला.”
यंत्र दोन्ही वेळा म्हणालं, दोनशे.

वसंतात ऑस्लोहून तपासनीस आला, विगलाइक नावाचा.
नको ते रकाने काढा म्हणाला, यादी करा.
मी यादी केली.
‘शेरा’पुढे लिहिलं:
राखीव. हात लावू नये.