अंदाजपंचे

रस्तेखात्याच्या मागच्या खोलीत माझं टेबल,
खिडकीला लागून मिठाचा डोंगर, वर ताडपत्री.
त्याच्या पलीकडे ऑस्वेगोचा धक्का, आणि मग ते सरोवर,
जानेवारी अर्धा सरला तरी गोठलेलं नाही.
गोठलं असतं तर मी आता झोपलेली असते.

पाणी चार अंशांवर. त्याच्या डोक्यावर मैलभर उंच
हवा उणे सतरा.
एवढी तफावत पुरते.
सरोवर वाफाळतं, गॅसवर विसरलेल्या पातेल्यासारखं,
आणि पश्चिमेचा वारा ती वाफ
दीडशे मैल फरपटत आणतो, एका पट्ट्यात,
आणून टाकतो कुणाच्या तरी अंगणात.

कुणाच्या, ते मी सांगायचं.

पट्टा जेमतेम आठ मैल रुंद.
त्याच्या आत स्वतःची गाडी सापडत नाही,
बाहेर लोक गॉगल लावून कुत्री फिरवतात.
वारा दोनशे सत्तरवर राहिला तर रेडफिल्ड,
ऐंशीला सरकला तर मेक्सिको.
हो, मेक्सिको नावाचं गाव आहे इथे,
तिथे खांद्याइतका बर्फ साचतो
आणि या नावाचं आता कुणालाच हसू येत नाही.
नव्वद झाला तर फुल्टन, आणि मग आम्ही सगळेच.

एक मॉडेल म्हणतं सत्तर. दुसरं नव्वदवर अडून बसलंय.
तिसरं दर सहा तासांनी मत बदलतं,
लग्न जमवायला निघालेल्या मामासारखं.

मागच्या फेब्रुवारीत मी चौदा इंच म्हटलं होतं.
शाळा बंद झाल्या. लख्ख ऊन पडलं.
पेट्रोल पंपावर एक बाई, वृद्धाश्रमात सकाळपाळी करणारी,
मुलं मागच्या सीटवर, नुसतं एवढंच म्हणाली,
"आजचा पगार गेला माझा."
ओरडली असती तर बरं झालं असतं.

लॉयल प्रिंडल दारात. हातात थर्मास, बुटांना मीठ.
"नऊ ट्रक, त्यातले दोन गॅरेजात उघडे पडलेत.
सात कुठे पाठवू?"
शाळांच्या अधीक्षक, मिसेस व्हर्मिल्या, फोनवर:
"पाचच्या आत हो किंवा नाही.
शेकडा किती, ते नको."

आणि तिकडे दुपार, जतहून आई.
"या वेळी काय करतेयस?"
"अंदाज."
"अंदाजपंचे दाहोदरसे?"
"नाही गं, शास्त्र आहे."
"मग मीठ टाकतो तसा. तेही शास्त्रच."

हसले. फोन ठेवल्यावर हसू थांबलं.
नैवेद्याचा स्वयंपाक ती चाखत नाही.
आमटीवर मूठ धरते, वाफेत डोळे बारीक करते,
उकळीचा आवाज ऐकते
आणि सोडते.
खारट झालं तर घर मुकाट जेवतं, देव काही बोलत नाही.
इथे मात्र सगळी काउंटी बोलते.

चार चाळीस.
धक्क्यावरचा वाऱ्याचा काटा: अठ्ठ्याहत्तर,
शहात्तर, त्र्याऐंशी, परत अठ्ठ्याहत्तर.
चाखता येत नाही.

लिहिते: मेक्सिको आणि आसपास,
सकाळी सहानंतर, दहा ते सोळा इंच.
दहा आणि सोळाच्या मध्ये सहा इंच जागा आहे,
तेवढ्यात मी उभी.

सात पिवळे दिवे फाटकातून पूर्वेला वळले.
इथे डोक्यावर अजून सगळ्या चांदण्या.

पाच वीसला फोन. अर्डिस हॅफर्ड, मेक्सिकोहून,
वय ब्याऐंशी, एकतीस हिवाळे
परसातल्या पांढऱ्या फळीवर पट्टी उभी करून
बर्फ मोजणारी.
"पोरी, फळीवर तीन कण आलेत.
मोजू, का थांबू?"

थांब म्हटलं,
आणि काट्याकडे पाहिलं.