समोरून

पाठ माझी दुखते, आणि मिस्टर ऑर्मरॉड म्हणतात
आम्ही समोरून जाणार. पोटातून.
(इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत,
मिस्टर म्हणतात. शिडी मागायला आलेल्या शेजाऱ्यासारखं.)
मला नवल वाटलं नाही.
सहा वर्षं हे दुखणं पोटातच घातलं होतं,
वाट तीच असणार.

त्यांनी टेबलावर ठेवली नवी गादी:
वर धातू, खाली धातू, मध्ये पांढरं प्लास्टिक,
चुन्याच्या डबीएवढी.
बोटांत धरून हलवली तर डोलली.
"पोलाद आपलंच का?" मी विचारलं.
शेफील्डमध्ये राहून एवढं विचारावंच लागतं.
"नाही. कोबाल्ट-क्रोम. बाहेरून येतं."
म्हटलं, मीही बाहेरूनच आले.

स्कॅनमध्ये वरच्या गाद्या ओल्या खोबऱ्यासारख्या.
सगळ्यात खालची करपलेली.
बावीस वर्षं या चढउतारांच्या गावात
मी परक्यांना पलंगावरून उठवलं.
वजन टाकून वर माफी मागणाऱ्या मिसेस हेग,
शिव्या देत गळ्यात पडणारा टेड.
गुडघ्यात वाका, कंबरेत नको,
ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं होतं.
न्हाणीघरात टेड घसरत असताना
गुडघे कोणाला आठवतात?
टेड गेला. मिसेस हेग गेल्या.
त्यांचं वजन तेवढं राहिलं.

सोलापूरहून पाठच्या भावाचा फोन:
"अक्का, कापाकापी कशाला, तेल लाव."
पाठचा आहे, म्हणून पाठीतलं कळतं त्याला.

सकाळी सात वाजता निळ्या पेनने
पोटावर रेघ काढता काढता सर्जन थांबले.
"इथे आधीच एक दार आहे."
हो. एकोणीस वर्षांचं. शर्वरीचं.
"तिथूनच जाऊ?"
जा.
ती आली तेव्हा आभाळ डोक्यावर घेतलं होतं तिने.
ही बिचारी जाईल गुपचूप,
मोठ्या रक्तवाहिन्या जरा बाजूला सरकवून,
गर्दीत "सॉरी, सॉरी" म्हणत पुढे सरकणाऱ्या
इथल्या माणसांसारखी.

दुसऱ्या दिवशी कॅलम आला, फिजिओ,
दाढी नीट फुटलेली नाही अजून.
"चला, लव्ह, उभं राहायचं."
त्याने माझ्या काखेखाली हात घातले
आणि पाठ धनुष्यासारखी वाकवली, त्याची,
कोरी, चोवीस वर्षांची पाठ.

पोटाला टाके. तोंडाला कोरड. तरी ओरडले:
"गुडघ्यात वाक रे, पोरा. कंबरेत नको."

मराठीतच ओरडले.
तो वाकला मात्र बरोबर.